फ्रेंच पेस्ट्री, आपली खारी आणि काही गैरसमज

धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथील बेकऱ्यांतून आता ‘पेस्ट्री’ मिळते. काचेच्या कपाटातील क्रीमचा त्रिकोणी तुकडा पाहून मुले हट्ट धरतात. मुलांनी हट्ट धरावा, आईबापांनी ऐपतीप्रमाणे तो पुरवावा, त्यात गैर काही नाही. परंतु ‘हे फ्रेंच, साहेबी, उच्च दर्जाचे खाणे आणि आपल्या घरचे ते हलके’ ही समजूत त्या तुकड्याबरोबर घरात शिरते, ती मात्र घातक आहे. म्हणून या विषयातील चार गैरसमज आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

गैरसमज पहिला : पेस्ट्री म्हणजे क्रीमचा केक.

पेस्ट्री म्हणजे मुळात पीठ आणि लोणी यांची कणीक व तिचे भाजलेले पदार्थ. फ्रान्समध्ये मैद्याच्या पोळीत लोण्याची चपटी वडी ठेवून घडी घालतात, लाटतात, पुन्हा घडी घालतात. तीनपदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत कणकेतील पाण्याची वाफ होते, ती थर उचलून धरते आणि पापुद्रे सुटतात. आता आपली खारी आठवा! तिची रीत हीच. आपल्याकडे लोण्याऐवजी बहुधा स्वस्त वनस्पती तूप किंवा मार्गारीन वापरतात, हा मुख्य फरक. म्हणजे अड्ड्यावर चहात खारी बुडवून खाणारा आपला हमाल बांधव खरी पेस्ट्रीच खात असतो. अंड्यावाचून पेस्ट्री होत नाही, हेही खरे नाही. या कणकेला अंडे लागत नाही.

गैरसमज दुसरा : फ्रेंच माणूस रोज गोडधोड खातो.

आपली जशी भाकरी, तसा त्यांचा पाव. ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ या नावाने विकायचा तर तो मुख्यतः गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचाच असावा, कणीक गोठवलेली नसावी, असा सरकारी हुकूम तेथे १९९३ साली निघाला. लांब काठीसारख्या ‘बगेट’ पावाची कारागिरी युनेस्कोने २०२२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ब्रिटनी प्रांतातील गरिबांचे खाणे होते कुट्टूच्या पिठाचे धिरडे. आज तेच हॉटेलात मानाने वाढले जाते. आणि फ्रान्सची खूण मानला जाणारा चंद्रकोरीच्या आकाराचा ‘क्रॉसाँ’ मुळात ऑस्ट्रियातील व्हिएन्नाकडचा!

गैरसमज तिसरा : ‘पाव मिळत नसेल तर केक खा’ असे फ्रान्सची राणी म्हणाली.

हे वाक्य राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घालतात. परंतु ही गोष्ट रूसो या विचारवंताने आपल्या आत्मचरित्रात नाव न घेता ‘एका राजकन्ये’बद्दल लिहिली. तो मजकूर लिहिला गेला तेव्हा १७५५ साली जन्मलेली मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती. त्यात शब्दही केक नसून ‘ब्रिओश’ आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. खरी गोष्ट याहून मोठी आहे. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातील कष्टकरी बाया पावासाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. दुसऱ्या दिवशी राजाला त्यांच्याबरोबर पॅरिसला यावे लागले.

गैरसमज चौथा : मोठी माणसे ‘असले’ खात नाहीत.

हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे. वजडी, पाया, रक्ती यांची नावे चारचौघांत घेताना आपल्यातील शिकलेली माणसेही आवाज बारीक करतात. फ्रान्समधील कां शहराच्या नावाने ओळखला जाणारा प्रसिद्ध पदार्थ कोणता? जनावराची वजडी आणि पाय तासन्‌तास मंद आचेवर शिजवून केलेला रस्सा! डुकराचे रक्त, चरबी आणि कांदा भरून केलेले काळे सॉसेज तेथे उघडपणे विकले जाते आणि उत्तम सॉसेज करणाऱ्यांच्या स्पर्धा भरतात. पदार्थ तोच, तिथे बक्षीस, इथे बोट नाकाला. हा दोष अन्नाचा नव्हे, जातीच्या नजरेचा आहे.

आपल्याच जिल्ह्यातील खामगावचे शाहू पाटोळे यांनी हे सारे लिहून ठेवले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरील अन्नावरचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे त्यांचे पुस्तक २०१५ साली आले. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि ज्या पदार्थांची आपण लाज बाळगली, त्यांची कृती आज जगभर वाचली जाते. हे पुस्तक आपल्या प्रत्येक वाचनालयात असावे.

तेव्हा मायभगिनींनो, लेकराच्या वाढदिवसाला केक जरूर आणा. पण त्यासाठी हातउसने काढू नका. आणि ज्वारीची भाकरी, सुकट किंवा वजडी डब्यात नेताना मूल लाजत असेल, तर त्याला जवळ बसवून कां शहराच्या रश्श्याची आणि ७२९ थरांच्या खारीची गोष्ट सांगा. आपल्या अन्नाला हलके म्हणणाऱ्याला उत्तर देण्याचे बळ त्याला घरातूनच मिळाले पाहिजे.