तराफाविहार-व्यवस्थापन, वणव्यानंतरचे

हवा भरलेल्या रबरी तराफ्यात बसून वेगवान नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाण्याच्या साहसी क्रीडाप्रकारास तराफाविहार म्हणतात; ‘राफ्टिंग’ हे त्याचे इंग्रजी नाव मराठीतही रूढ आहे. पैसे घेऊन प्रवाशांना असा विहार घडविणाऱ्या संस्थांचा व्यवसाय बहुधा सार्वजनिक मालकीच्या वनभूमीतून वाहणाऱ्या नद्यांवर चालतो. अशा नदीच्या पाणलोट क्षेत्रात वणवा लागून गेल्यावर हा व्यवसाय किती काळ बंद ठेवावा, कोणत्या अटींवर पुन्हा सुरू करू द्यावा आणि त्यातून होणारे नुकसान कोणी व किती सोसावे, यांविषयीचे निर्णय व उपाययोजना यांचा या व्यवस्थापनात अंतर्भाव होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उद्‌भवला आहे. तेथील डोंगराळ प्रदेशाचा फार मोठा भाग संघराज्य शासनाच्या मालकीचा असून मोठे वणवे व तराफाविहाराचा हंगाम हे दोन्ही उन्हाळ्यातच येतात.

वणवा विझला म्हणजे धोका टळला, हा सर्वसाधारण समज नद्यांच्या बाबतीत खरा ठरत नाही. ज्वाळांपासून तराफ्यातील प्रवाशास नदीचे पात्रच पुष्कळसे संरक्षण देते. परंतु पुढील काही वर्षांत जळालेल्या उतारांवर पडणारा पाऊस त्याच पात्रातून त्याच्यावर चालून येतो. त्यामुळे या व्यवस्थापनाचा खरा कस नदी बंद करण्यात नसून ती पुन्हा खुली करण्यात लागतो.

वणव्याचे नदीवरील परिणाम : हिरव्या वनात पावसाचे पाणी पर्णसंभारावर अडते, पालापाचोळ्याच्या थरात मुरते आणि सावकाश ओढ्यांना मिळते. वणव्यात हे दोन्ही थर नाहीसे होतात. शिवाय जळणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांची वाफ जमिनीत शिरून काही सेंमी. खोलीवरील थंड मातीकणांवर गोठते व तेथे मेणचट, जलविरोधी थर तयार होतो. परिणामी वरची माती काही काळ पाणी शोषून घेत नाही आणि पाऊस जवळजवळ सर्वच्या सर्व उतारावरून वाहू लागतो. वाहताना तो राख, माती, धोंडे व जळके ओंडके बरोबर घेतो. ओल्या सिमेंट-काँक्रीटसारख्या दाट अशा या लोंढ्यास राडारोड्याचा लोंढा म्हणता येईल. साध्या पुरापेक्षा तो कितीतरी अधिक विध्वंसक असतो. त्यासाठी दीर्घकाळ पाऊस लागत नाही. उन्हाळी वादळाची पंधरा-वीस मिनिटांची जोरदार सर पुरेशी होते.

असे लोंढे सामान्यतः मुख्य नदीत नव्हे, तर तिला मिळणाऱ्या लहानशा, एरवी कोरड्या असलेल्या घळींत सुरू होतात. घळीच्या मुखाशी ते पंख्याच्या आकाराचा ढीग टाकतात. या ढिगामुळे नदीचे पात्र अरुंद होते, वरच्या बाजूस पाणी तुंबते आणि जेथे संथ डोह होता तेथे नवा द्रुतवाह (खळाळ) निर्माण होतो. द्रुतवाहांचे नकाशे व मार्गदर्शकांची अनेक वर्षांची स्मृती ही दोन्ही एका रात्रीत निरुपयोगी होतात. तराफे लावण्याच्या व मुक्कामाच्या बहुतेक सपाट जागा याच मुखांशी असतात, ही अडचण आणखी निराळीच.

लोंढ्यांचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो. झुडपे व गवत वाढू लागताच तो कमी होतो. परंतु मेलेल्या वृक्षांची मुळे कुजल्यावर काही वर्षांनी दरडी कोसळू लागतात. उभे राहिलेले वठलेले वृक्ष तर दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ वाऱ्याने उन्मळत राहतात. म्हणजे निरनिराळे धोके निरनिराळ्या काळी शिगेला पोहोचतात, आणि एकच एक मुदत ठरवून बंदी घालणे अपुरे पडते.

कायदेशीर चौकट : अमेरिकेत राष्ट्रीय वनांचा कारभार वन सेवेकडे, तर इतर बऱ्याच संघीय भूमीचा कारभार भूमि-व्यवस्थापन विभागाकडे असतो. व्यावसायिक तराफाविहारासाठी या यंत्रणांचा विशेष परवाना लागतो आणि त्यापोटी साधारणपणे ढोबळ उत्पन्नाच्या सु. ३ टक्के शुल्क द्यावे लागते. दिवसाला किती तुकड्या निघाव्यात, एका तुकडीत किती माणसे असावीत व मुक्काम कोठे करावा हे परवान्यात व वार्षिक कार्ययोजनेत नमूद केलेले असते. उदा., आयडाहो राज्यातील सॅमन नदीच्या मिडल फोर्क या शाखेवर नियंत्रित हंगामात (२८ मे ते ३ सप्टेंबर) दररोज ७ तुकड्यांना प्रस्थानाची परवानगी मिळते. त्यांपैकी ३ व्यावसायिक व ४ खाजगी असतात. व्यावसायिक तुकडीत जास्तीत जास्त ३०, तर खाजगी तुकडीत २४ माणसे असू शकतात. १९६८ च्या ‘वन्य व निसर्गरम्य नद्या’ अधिनियमाने प्रारंभी संरक्षण दिलेल्या आठ नद्यांपैकी ही एक होय. १९८० पासून तिचे खोरे कायद्याने राखीव अशा निर्जन वनप्रदेशात मोडते. आणीबाणीच्या प्रसंगी अधिकारी लेखी आदेश काढून एखादे क्षेत्र बंद करू शकतात. मात्र अशा आदेशातून विशिष्ट परवानाधारकांना वगळण्याचीही मुभा नियमांत आहे. वणव्यानंतरचे बरेच वाद या मुभेभोवतीच फिरतात.

वणवा चालू असताना : या काळात तीन प्रश्न तातडीचे असतात. पहिला, नदीवर आधीच असलेल्या तुकड्यांचा. दुर्गम दरीत मध्येच बाहेर पडण्यास रस्ता नसतो. अनेकदा नदी हाच सुटकेचा मार्ग ठरतो. म्हणून तुकड्यांना रुंद वाळवंटी काठांवर थांबविणे किंवा न थांबता खाली नेणे, यांपैकी एक पर्याय निवडावा लागतो. दुसरा प्रश्न अग्निशमनाचा. हेलिकॉप्टरे नदीतूनच बादल्या भरून नेतात, त्यामुळे त्या डोहांजवळ तराफे असणे दोघांनाही घातक असते. तिसरा प्रश्न धुराचा. प्रवासी एक-दोन दिवस धूर सहन करतो, पण वल्ही मारणाऱ्या मार्गदर्शकास तो सबंध हंगाम घ्यावा लागतो.

आपत्कालीन परीक्षण : वणवा आटोक्यात येताच, किंबहुना त्यापूर्वीच, मृदाशास्त्रज्ञ, जलशास्त्रज्ञ, भूवैज्ञानिक, अभियंते व पुरातत्त्वज्ञ यांचे पथक जळालेल्या क्षेत्राची पाहणी करते. उपग्रहांनी घेतलेल्या वणव्यापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना करून आणि प्रत्यक्ष मातीत पाणी ओतून पाहून मृदेच्या दाहतीव्रतेचा नकाशा तयार केला जातो. संयुक्त संस्थानांचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण या नकाशास उताराची व मृदेची माहिती जोडून कोणत्या घळीत किती तीव्रतेच्या पावसाने लोंढा येण्याची शक्यता आहे, याचे गणित मांडते. तराफाविहाराच्या दृष्टीने हे गणित फार मोलाचे असते. त्यामुळे ‘नदी धोकादायक आहे’ या मोघम विधानाऐवजी अमुक घळींच्या मुखाशी मुक्काम करू नये, असा निश्चित नियम करता येतो.

टप्प्याटप्प्याने पुनरारंभ : प्रथम अधिकारी व अनुभवी मार्गदर्शक रिकाम्या तराफ्यातून संपूर्ण अंतराची पाहणी करतात, अडकलेले वृक्ष, नवे द्रुतवाह व खचलेले घाट यांची नोंद होते. त्यानंतर मर्यादित तुकड्यांना परवानगी दिली जाते. धोक्याच्या मुक्कामाच्या जागा यादीतून वगळल्या जातात. त्यामुळे उरलेल्या जागांवर गर्दी वाढते आणि वाळू, वनस्पती व स्वच्छता यांवर ताण पडतो. तुकड्यांची संख्या म्हणूनच सुरक्षित मुक्कामांच्या संख्येशी जुळवून घ्यावी लागते. जळालेल्या उतारांवर पाऊलवाटा पाडू न देणे, परक्या तणांचे बी उपकरणांबरोबर येऊ न देणे व राख निघून गेल्याने उघड्या पडलेल्या पुरावशेषांना हात लावू न देणे, हीही कामे मार्गदर्शकांवरच सोपविली जातात.

यातील सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे बंदी दिनदर्शिकेशी न जोडता हवामानाच्या अंदाजाशी जोडणे. कोलोरॅडो राज्यातील ग्लेनवुड कॅन्यन हे याचे ठळक उदाहरण आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी तेथे लागलेल्या ग्रिझ्ली क्रीक वणव्यात सु. १३२ चौ. किमी. क्षेत्र जळाले. याच अरुंद दरीतून कोलोरॅडो नदी, लोहमार्ग व ७० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग जातात आणि नदीच्या शोशोनी भागात व्यावसायिक तराफाविहार चालतो. पुढील उन्हाळ्यात आकस्मिक पुराची शक्यता वर्तविली जाताच दरीतील विश्रामस्थळे व वाटा बंद करणे आणि प्रत्यक्ष पुराचा इशारा येताच महामार्गही रिकामा करणे, अशी दुहेरी पद्धत अवलंबिण्यात आली. नदीवर उतरण्याचा एक घाट विश्रामस्थळाशीच असल्याने विहारावरही तिचा परिणाम होई. २९ जुलै २०२१ च्या रात्री आलेल्या लोंढ्यांमुळे शंभराहून अधिक माणसे दरीत अडकली, परंतु प्राणहानी झाली नाही. महामार्ग सु. दोन आठवडे बंद राहिला आणि राडारोड्याने नदीच्या पात्रात काही ठिकाणी लक्षणीय बदल घडविले.

त्याच महिन्यात त्याच राज्यातील कॅश ला पूडर नदीवर घडलेली घटना अधिक दुःखद होती. या नदीचा सु. १२२ किमी. भाग १९८६ पासून संरक्षित आहे. २०१२ च्या जून महिन्यात, ऐन हंगामात, हाय पार्क वणव्याने तिच्या खोऱ्यातील सु. ३५३ चौ. किमी. क्षेत्र जाळले होते. २०२० मधील कॅमरन पीक वणवा त्याहून मोठा, सु. ८४५ चौ. किमी.चा होता. राज्याच्या नोंदलेल्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वणवा होय. तो २ डिसेंबर रोजी पूर्णपणे आटोक्यात आला. त्यानंतर साडेसात महिन्यांनी, २० जुलै २०२१ रोजी, ब्लॅक हॉलो या लहानशा उपप्रवाहातून आलेल्या लोंढ्याने काठावरील घरे वाहून नेली व चार माणसे मृत्युमुखी पडली. मृत काठावरील घरांतले होते. तथापि नदीवरील विहारही थांबविणे भाग पडले. मुख्य दरीत ऊन असतानाही डोंगरापलीकडे पडलेल्या सरीने लोंढा येऊ शकतो, हे ध्यानात घेता केवळ समोरचे आकाश पाहून निर्णय घेणे किती अपुरे आहे, ते उघड होते.

ओंडक्यांचा प्रश्न : पात्रात आडवा पडलेला वृक्ष तराफ्यास धोंड्यापेक्षा अधिक घातक असतो, पाणी त्यातून गाळल्यासारखे निघून जाते, माणूस मात्र अडकून पाण्याखाली राहतो. असे असले तरी सरसकट सर्व ओंडके काढून टाकणे इष्ट नसते. त्यांच्या आडोशाने डोह तयार होतात, गाळ अडतो आणि मासे व जलकीटकांना आसरा मिळतो. म्हणजे जळालेल्या नदीची सुधारणा काही अंशी त्यांच्यावरच अवलंबून असते. राखीव निर्जन प्रदेशात यांत्रिक करवत वापरण्यास १९६४ च्या अधिनियमाने सामान्यतः मनाई असून आणीबाणीसारख्या कारणानेच तिचा अपवाद करता येतो. म्हणून व्यवहारात मधला मार्ग स्वीकारला जातो : जेथे वळसा घालणे किंवा तराफा काठाने वाहून नेणे शक्य असते तेथे ओंडका तसाच ठेवून खूण करतात, जेथे तोही मार्ग नसतो तेथेच तो कापतात.

हितसंबंधांचा मेळ : तराफाविहाराचा हंगाम अवघ्या तीन-चार महिन्यांचा असतो. त्यातील तीन आठवडे बुडाले, तर वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा जातो. मार्गदर्शक, वाहनचालक, खानावळी व काठावरील लहान गावे यांना त्याची झळ लागते. यामुळे नदी लवकर खुली करण्याचा आग्रह धरला जातो. दुसरीकडे, शासनाने परवानगी दिली म्हणजे नदी सुरक्षित आहे असा प्रवाशाचा ग्रह होतो. दरी, घळी व पाऊस यांविषयी काहीच माहीत नसलेला हा प्रवासी सर्वस्वी मार्गदर्शकाच्या भरवशावर असतो. त्याची संमती खरी ठरावी यासाठी धोक्याची पूर्वकल्पना प्रस्थानापूर्वी स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक ठरते.

व्यावसायिक व खाजगी यांच्यातील समतोल हाही नाजूक मुद्दा आहे. प्रशिक्षित मार्गदर्शक व दूरसंपर्काची साधने असल्याने व्यावसायिकांना आधी जाऊ द्यावे, असा एक पक्ष आहे. सोडतीत वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या खाजगी प्रवाशांस सार्वजनिक भूमीवर मागे ठेवणे अन्यायाचे आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. न वापरलेली प्रस्थाने दुसऱ्या तारखेस किंवा नदीच्या दुसऱ्या भागात बदलून देणे, बंदीच्या काळातील कमी वापराचा परवान्याच्या नूतनीकरणावर परिणाम होऊ न देणे आणि बंदीचे निकष हंगामापूर्वीच जाहीर करणे, हे उपाय दोन्ही पक्षांस मान्य होण्याजोगे आहेत. निकष आधी ठाऊक असले म्हणजे बंदी ही अधिकाऱ्याची लहर वाटत नाही आणि ती उठविण्यासाठी दडपण आणण्यासही फारसा वाव राहत नाही.

भारत : उत्तराखंडात कौडियाला ते हृषीकेश या टप्प्यात गंगेवर मोठ्या प्रमाणावर व्यावसायिक तराफाविहार चालतो. २०१८ साली तेथील उच्च न्यायालयाने धोरण व नियम निश्चित होईपर्यंत तो थांबविण्याचा आदेश दिला होता. या राज्यातील चीडच्या वनांत उन्हाळ्यात वारंवार वणवे लागतात. २०१६ व २०२४ मधील वणवे विशेष मोठे होते. तथापि कोलोरॅडो व उत्तराखंड यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. कोलोरॅडोत वादळी सरींचा काळ व विहाराचा हंगाम एकमेकांवर येतात, तर गंगेवर पावसाळ्यात, पाणी वाढल्यावर, विहार बंदच असतो. त्यामुळे वणव्यानंतरचे पहिले मोठे लोंढे बहुधा नदी रिकामी असताना येऊन जातात. उन्हाळ्याच्या अखेरच्या दिवसांतील अवकाळी सरी आणि पावसाळ्यानंतर बदललेले पात्र हे दोन धोके मात्र येथेही उरतात. म्हणून हंगामाच्या आरंभी पात्राची नव्याने पाहणी करणे येथेही तितकेच अगत्याचे ठरते.