स्थिर माणूस सेन्सरला दिसत नाही

आर्डुइनो उनोला हालचाल टिपणारा ‘पीआयआर’ सेन्सर जोडायला तीनच तारा लागतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि इशाऱ्याची तार डिजिटल पिन २ ला. पिनांचा क्रम सेन्सरच्या बोर्डावरच्या खुणा वाचूनच ठरवा.

हा सेन्सर स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. शरीरातून निघणारे अवरक्त किरण त्याच्या दोन भागांवर कमी-अधिक पडले, की तो इशारा देतो. म्हणून स्थिर उभा माणूस त्याला कळत नाही. वीज सुरू केल्यावर साधारण मिनिटभर तो खोटे इशारे देऊ शकतो. प्रोग्रॅममध्ये तेवढा थांबा ठेवा.

मालवण तालुक्यातल्या कट्टा गावात मे महिन्याच्या दुपारी हवा त्वचेइतकी तापली, की सेन्सरचा पल्ला घटतो. त्यामुळे चाचणी सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा घ्या.