गाठी मारल्या, पण ताण कुठाय?

शुक्रवारी संध्याकाळी लॉगआऊट, रात्री पुणं सोडायचं, पहाटे गडहिंग्लजला आईच्या हातचा चहा आणि पुढं थेट गोवा! आमच्या ग्रुपचा हा ठरलेला फंडा. संकेश्वर-बांदा रस्ता गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत खाली उतरतो. एकदा म्हटलं, जरा स्टाईलमध्ये जाऊ. बंद बॉडीचा टेम्पो ठरवला. हौद्यात बुलेट, तंबू, कूलबॉक्स, शेगडी आणि छोटा सिलिंडर. आम्ही मागून कारनं.

आंबोलीच्या घाटात ड्रायव्हरकाकांनी कचकन ब्रेक मारला आणि आतून धाडकन आवाज! फाळका उघडला, तर कूलबॉक्स केबिनच्या भिंतीला आदळून फुटलेला, बुलेट एका अंगावर आणि सिलिंडर तिच्या गरम नसलेल्या, नशीब, सायलेन्सरला टेकलेला. निघताना आमच्यातला एकजण 'मी मागं बुलेटजवळ बसतो' म्हणून हट्टाला पेटला होता. काकांनी बसू दिलं नाही. (मालाच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यालाही मंजूर नाहीच.) काका एवढंच म्हणाले, "भावा, गाठी लई मारल्यात, पण ताण कुठाय?"

अमेरिकेत यासाठी खास ट्रेलर मिळतो, 'टॉय हॉलर'. पुढं राहायची खोली, मागं बाईकचं गॅरेज. आपल्याकडंही 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. पण गाडी कुठलीही असो, गणित एकच. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. ब्रेक लागतो गाडीला, सामानाला नाही! युरोपातला नियम सांगतो, बांधणी अशी हवी की पुढच्या बाजूला सामानाच्या वजनाच्या 80 टक्के आणि आडव्या बाजूंना 50 टक्के जोर सहन झाला पाहिजे. म्हणजे 190 किलोच्या बुलेटसाठी पुढं 152 आणि बाजूला 95 किलो. सुतळीचं काम नव्हे दोस्तहो!

मग करायचं काय? जड सामान तळाला, केबिनच्या भिंतीला चिकटून आणि दोन्ही बाजूंना सारखं. गाडीमागं ओढायचा ट्रेलर असेल, तर साधारण 60 टक्के वजन चाकांच्या पुढं ठेवा. शेपटीकडं वजन गेलं, की ट्रेलर डुलायला लागतो.

बाईकचं पुढचं चाक भिंतीला टेकवा, दोन्ही बाजूंनी पाचर मारा. नायलॉनच्या दोरीऐवजी रॅचेटचे चार पट्टे घ्या : दोन पुढं, दोन मागं, बाहेरच्या बाजूला तिरके, हौद्याच्या पक्क्या कड्यांना. पत्र्याच्या कडेला नव्हे! पुढचं सस्पेन्शन साधारण निम्मं दाबलं जाईल इतकाच ताण द्या. पूर्ण दाबलंत, तर सीलची वाट लागते. बाईक गिअरमध्ये, साईड स्टँड वर. पट्टा धारदार कडेवरून जात असेल, तर खाली जुनं गोणपाट घाला. उसवलेला पट्टा सरळ कचऱ्यात.

सिलिंडर उभाच, व्हॉल्व्ह बंद आणि स्वतंत्र बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. त्यामुळं बंद हौद्याला खालून हवा खेळती हवीच.

आणि सगळ्यात सोपी, सगळे विसरतात ती गोष्ट : थोडं अंतर गेलं, की पट्टे सैल पडतात. म्हणून आजऱ्यात चहाला थांबा. ग्लास हातात घ्यायच्या आधी फाळका उघडा, प्रत्येक पट्टा ओढून बघा. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे आणि तिथून सगळा उतारच. म्हणजे सामानाचा सगळा भार पुढं, केबिनकडं, जिथं काका बसलेत.

आता आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे : पट्टे तपासेल, त्याचा चहा फुकट. आणि हो, मागं बसायचा हट्ट धरणारा? हल्ली तोच सगळ्यात आधी उतरतो!