फाईलची शेपटी बघा!

४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ अशा विषयाची ईमेल फिलिपिन्समधून सुटली आणि जगभर पसरली. ब्रिटिश संसदेलाही आपली ईमेल बंद करावी लागली. तेव्हा मी एका कचेरीतले संगणक सांभाळायचो. सोबतच्या फाईलचं नाव ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ने संपायचं. विंडोज शेवटचा तुकडा लपवायचं. दिसायला साधं पत्र, प्रत्यक्षात प्रोग्रॅम! क्लिक करताच तो जेपीजी फोटोंवर स्वतःची नक्कल चढवायचा आणि आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर रवाना व्हायचा. म्हणून पत्र ओळखीच्याच नावाने यायचं. आजही मी सगळ्यांना बजावतो: फाईलचं पूर्ण नाव दिसेल असं सेटिंग करा, फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि अनपेक्षित फाईल आली, तर उघडण्याआधी पाठवणाऱ्याला सरळ फोन लावा.