‘वगैरे’ सदरातल्या मोटारी

यादी लिहिता लिहिता कंटाळलेला माणूस शेवटी ‘वगैरे’ लिहितो आणि लेखणी खाली ठेवतो. शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. पण वेतनकरारांच्या वाटाघाटींत ज्याने उमर घालवली त्याला या शब्दाचा धाक वाटतो. मी तरुणपणी एका कारखान्यात लेथवर होतो. तिथल्या करारात ‘फिटर, टर्नर, मोल्डर वगैरे’ असे शब्द पडले. भट्टीवर राबणारे आणि साच्यांची वाळू चाळणारे सगळे जण त्या ‘वगैरे’त गेले. पुढे श्रेणी लावायची वेळ आली, तेव्हा ‘वगैरे’ला श्रेणी नसते असे आम्हांला सांगण्यात आले. त्या एका शब्दापायी दोन वर्षे भांडावे लागले.

इटलीतल्या जुन्या शर्यतीच्या मोटारींसंबंधी वाचताना हाच शब्द मला पुन्हा भेटला, म्हणून आज हा विषय घेतला आहे. मजूर चळवळीतल्या माणसाने श्रीमंतांच्या खेळण्यांवर का बोलावे, असे काहींना वाटेल. वाटू द्यावे. ती खेळणी श्रीमंतांनी केलेली नाहीत.

जुन्या मोटारी विकत घेऊन जतन करणारे जे संग्राहक आहेत, ते फेरारी, आल्फा रोमिओ, मासेराती ही थोर घराणी मोजून झाली की बाकीच्या लहानसहान इटालियन कारखान्यांना मिळून एकच नाव देतात : ‘एत्सेतेरिनी’. ‘एट सेटरा’ म्हणजे वगैरे; त्याला इटालियन वळणाचा लाडिक प्रत्यय लावला. आपण ‘वगैरेमंडळी’ म्हणू. ओस्का, स्तांगेल्लिनी, बांदिनी, एर्मिनी, मोरेत्ती, सियाता ही त्यांतली काही नावे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहापंधरा वर्षांत यांनी दोन आसनांच्या, दिवे आणि मडगार्ड असलेल्या, रस्त्यावरून चालत जाऊन शर्यतीत उतरणाऱ्या मोटारी बांधल्या. त्या हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतक्याच बनल्या, असे नाही. पण कारखानदारीच्या हिशेबाने त्यांची संख्या नगण्यच होती. ओस्काची सगळ्यांत गाजलेली ‘एमटी-४’ ही गाडी शंभराच्या आतच बनली.

आश्चर्य असे की आज पुष्कळ जाणते संग्राहक थोर घराणी सोडून या वगैरेमंडळींच्या मागे लागलेले दिसतात. हे का व्हावे?

पहिले उत्तर पैशाचे आहे आणि ते लवकर आटोपते. २०१८ साली अमेरिकेत एका लिलावात फेरारीची २५० जीटीओ ही गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. २०२२ साली मर्सिडीझची एक गाडी साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. या दरात हौस भागवणे त्या वर्तुळातल्या गरिबालाही परवडत नाही. (‘त्या वर्तुळातल्या’ हे शब्द कृपा करून विसरू नयेत. ओस्कासुद्धा आज लाखो डॉलरांखाली मिळत नाही.) तेव्हा तो धाकट्या घराण्याकडे वळतो.

दुसरे उत्तर थोडे व्यवहारी आहे. इटलीत १९२७ ते १९५७ या काळात ‘मिल्ले मिलिया’ नावाची हजार मैलांची शर्यत उघड्या रस्त्यांवरून होत असे. ब्रेशा गावाहून निघायचे, रोमला जायचे आणि परत यायचे. १९५७ साली एका फेरारीचा टायर फुटला. दोघे चालक-सोबती आणि नऊ प्रेक्षक मेले, आणि शर्यत बंद पडली. पुढे त्याच नावाची जुन्या मोटारींची फेरी सुरू झाली. तिथे मूळ शर्यतीत ज्या जातीच्या मोटारी उतरल्या होत्या, त्यांनाच प्रवेश मिळतो. आता मूळ शर्यतीत ७५० आणि ११०० सीसीचे लहान वर्ग होते आणि ते वर्ग या वगैरेमंडळींनीच भरलेले असत. म्हणजे त्यांतली एखादी गाडी घेतली की हातात नुसती मोटार येत नाही, त्या फेरीच्या दाराची किल्लीही येते. अर्ज जागांहून पुष्कळ अधिक येतात, त्यामुळे किल्लीची किंमत वाढते.

पण एवढ्याने समाधान होत नाही. दारच उघडायचे असते तर माणसे त्या गाडीच्या एका बोल्टाचे मूळ शोधत वर्ष वर्ष पत्रव्यवहार करीत बसली नसती. याच्या मुळाशी काय आहे ते ओस्काच्या हकिकतीवरून समजते.

बोलोन्या शहरात मासेराती बंधूंनी १९१४ साली आपला कारखाना काढला. कर्ता भाऊ आल्फिएरी १९३२ साली वारला. उरलेल्या तिघांनी, एर्नेस्तो, एत्तोरे आणि बिंदो यांनी, १९३७ साली कारखाना आडोल्फो ओर्सी या मोदेनाच्या उद्योगपतीला विकला. करार असा की भावांनी दहा वर्षे तिथेच काम करावे. कारखाना मोदेनाला हलला. दहा वर्षे भरली, त्या १९४७ साली तिघे भाऊ उठले, बोलोन्याजवळ सान लाझ्झारोला परत आले आणि त्यांनी नवा कारखाना घातला. पण स्वतःचे आडनाव त्यांना स्वतःच्या मोटारीला देता येईना. ते विकले गेले होते! म्हणून ‘मोटारी बांधणारे विशेष कारखाने’ अशा अर्थाच्या चार इटालियन शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘ओस्का’ हे नाव केले आणि खाली बारीक अक्षरांत ‘मासेराती बंधू’ असे घातले. कामगाराचे श्रम विकले जातात हे आपल्याला माहीत आहे. नावही विकले जाते, हे इथे दिसते.

कारखाना लहान. इंजिन आणि सांगाडा भाऊ करीत. अंगावरचा पत्रा बाहेरचे कारागीर चढवीत, त्यांत फेरारा गावच्या मोरेल्लीचे नाव प्रसिद्ध आहे. इंजिन लहानच, पण त्याची मांडणी पाहण्यासारखी. त्या काळच्या साध्या मोटारीत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असे आणि तो लांब सळयांच्या द्वारे वरचे व्हॉल्व्ह ढकलीत असे. फेरे वाढले की या सळया आणि त्यांचे वजन आड येते. व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. मासेराती बंधूंनी पुढच्या एमटी-४ मध्ये दोन कॅमशाफ्ट थेट हेडवर बसवले, एक श्वास घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी आणि एक सोडणाऱ्यांसाठी. सळयांचा मध्यस्थ गेला. मध्यस्थ गेला की काम जलद होते, हा अनुभव आपल्यालाही आहे.

७ मार्च १९५४ रोजी अमेरिकेत फ्लॉरिडामधील सेब्रिंग येथे बारा तासांची शर्यत झाली. जुन्या लष्करी विमानतळाच्या काँक्रीटवर ती धावे. लान्चा कारखान्याने आपल्या ३.३ लिटरच्या नव्या मोटारी आणि फांजिओ, अस्कारी यांच्यासारखे जगज्जेते चालक पाठवले होते. ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन धनिकाने उतरवलेल्या दीड लिटरच्या एका ओस्कावर चोवीस वर्षांचा स्टर्लिंग मॉस आणि बिल लॉइड होते. इंजिनाचा आकार निम्म्याहून कमी. सरळ रस्त्यावर लान्चा वाऱ्यासारख्या पुढे जात. पण बारा तास म्हणजे बारा तास. मोटारीचा वेग दुप्पट केला की थांबताना ब्रेकला पचवावी लागणारी उष्णता चौपट होते. जड आणि वेगवान गाडी प्रत्येक वळणावर स्वतःलाच भाजून घेते. एकेक करून लान्चा बसल्या. ओस्काचेही ब्रेक अखेरीस जवळजवळ संपलेच होते. मॉस वळणावर गाडी आडवी घसरवून तिचा वेग मारीत होता. संध्याकाळी पहिली आली ती ओस्का, आणि शिल्लक राहिलेली लान्चा तिच्या मागे दुसरी.

कारखाना पुढे १९६३ साली मोटारसायकली करणाऱ्या आगुस्ता घराण्याकडे गेला आणि १९६७ साली बंद झाला.

ओर्सीचे नाव आले, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मोदेनातील त्याच्या ओतकामाच्या कारखान्याच्या परिसरात ९ जानेवारी १९५० रोजी टाळेबंदीच्या विरोधात जमलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सहा कामगार मेले. अंत्ययात्रेला तोल्याती आले होते. लिलावाच्या गुळगुळीत पुस्तकांत मासेरातीच्या कुळकथेत ओर्सी हे नाव नेहमी येते. हे सहा जण मला तिथे कधी आढळले नाहीत.

वगैरेमंडळींत सगळेच मासेरातींसारखे खानदानी नव्हते. फोर्ली गावचा इलारिओ बांदिनी हा गॅरेजवाला मिस्त्री. अमेरिकेत पॉवेल क्रॉस्ली नावाचे रेडिओ आणि शीतकपाटे विकणारे गृहस्थ होते. त्यांनी एक चिमुकली मोटारही काढली होती. तिच्या इंजिनाचा ब्लॉक बांदिनीने घेतला, त्यावर स्वतःचे दोन कॅमशाफ्टांचे हेड बसवले आणि ७५० सीसीच्या वर्गात शर्यती मारल्या. मोदेनाच्या स्तांगेल्लिनीने फियाट ११०० चे इंजिन घेऊन त्यावर असाच हात फिरवला.

हे फियाट ११०० आपल्याला परके नाही. सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी : याच मापाचे इंजिन कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनलेल्या फियाटमध्ये आणि पुढे पद्मिनीत होते. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेली. ज्या मिस्त्र्याने भायखळ्याला किंवा कुर्ल्याला टॅक्सीची इंजिने उघडण्यात जन्म काढला, त्याच्यापुढे स्तांगेल्लिनीच्या इंजिनाचा खालचा भाग ठेवला तर तो गोंधळणार नाही. फक्त वरचे हेड पाहून भुवया चढवील. इटलीतल्या त्या शर्यतीच्या गाडीत आणि ताडदेवच्या स्टँडवरच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत एवढेच अंतर होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. फेरारीच्या प्रत्येक नामांकित गाडीची जन्मपत्रिका लोकांनी आधीच मांडून ठेवली आहे. ती विकत घेणारा तयार कीर्ती विकत घेतो. वगैरे सदरातल्या गाडीची पत्रिका बहुधा अपुरी असते. तिचे इंजिन मधेच बदललेले असते, अपघातानंतर बॉडी दुसऱ्याने चढवलेली असते, अमेरिकेत कोणीतरी तिच्या पोटात भलतेच यंत्र बसवून पाहिलेले असते. एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या दोन देशांत ‘खरी मीच’ म्हणून उभ्या असतात. तेव्हा मालकाला स्वतः शोध करावा लागतो : वेल्डिंगची शिवण, ओतीव भागावरच्या खुणा, गाळलेल्या आणि पुन्हा ठोकलेल्या आकड्यांचे ठसे. तो बघता बघता शिकाऊ उमेदवार होतो. शोधता शोधता तो शेवटी येतो तो एखाद्या पत्राकाम करणाऱ्याच्या हातापाशी. माझ्या मते या गाड्यांची ओढ आहे ती इथे. ज्या यंत्राला प्रसिद्धीचे नाव नाही, त्याची ओळख पटवायला काम करणाऱ्याची ओळख पटवावी लागते; दुसरा पुरावाच नसतो.

हा पुरावा फार नाजूक असतो. ॲल्युमिनिअमचा पत्रा लाकडी साच्यावर आणि वाळूच्या पिशवीवर हाताने ठोकून ही अंगे बनत. डावा मडगार्ड एकाने केला, उजवा दुसऱ्याने, किंवा एकानेच पण जेवणाच्या सुट्टीनंतर. त्यामुळे दोन बाजू कधी तंतोतंत जुळत नाहीत. पुष्कळ गाड्या दुरुस्तीच्या नावाखाली घासूनपुसून, पत्रे सरळ करून, दोन्ही बाजू सारख्या करून चकचकीत केल्या गेल्या. त्याबरोबर घणाच्या खुणाही गेल्या. जाणता संग्राहक आज डावी-उजवी मापे घेतो आणि ती अगदी बरोबर जुळली की सावध होतो. रंग उडालेली, आतून ठोक्यांचे वण दिसणारी गाडी हल्ली अधिक मान मिळवते, ती याच कारणाने.

या कामाला हात मिळेनासे झाले आहेत, ही तिकडची आजची खरी अडचण आहे. इंग्लंडात बिस्टर येथील जुन्या वायुदलाच्या तळावर जुन्या मोटारींच्या दुरुस्तीचे उमेदवारी शिक्षण देणारी शाळा चालते. तिथली मुले एखाद्या कार्यशाळेत नोकरीला असतात आणि अधूनमधून शाळेत येऊन शिकतात, म्हणजे शिकत असताना त्यांना पगार मिळतो. उमेदवाराला पगार की विद्यावेतन, हा आपल्याकडचा वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एवढा तपशील टिपून ठेवावा.