जुना राऊटर पुन्हा जोडताना

राऊटर म्हटलं की तुमची नजर कोपऱ्यातल्या वायफायच्या डबीकडे जाईल. हा तो नव्हे. हा सुतारकामातला, लाकडात खाच पाडणारा आणि कडा गोल करणारा. इथे अमेरिकेत गराज सेलमध्ये असे जुने राऊटर स्वस्तात मिळतात, आणि आपण घरी आणून आधी खोलूनच बघतो. (खोड!)

आतली मोटर तुमच्या ओळखीची आहे. मिक्सरमध्ये असते तीच, युनिव्हर्सल मोटर. तिचे कार्बन झिजून पाव इंचावर आले असतील तर दोन्ही बदला. चांगले असतील तर ज्या बाजूचा त्याच बाजूला, त्याच दिशेने बसवा. त्यांच्या टोकाला कम्युटेटरच्या गोलाईचा खळगा पडलेला असतो. उलटा बसवला की ठिणग्या वाढतात. बेअरिंग शाफ्टवर दाबताना जोर आतल्या कड्यावरच द्या. बाहेरच्या कड्यावर दिलात तर तो छऱ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंगही खरखरू लागतं.

खरा जीव मात्र कॉलेटमध्ये. चिरा असलेली ही छोटी नळी निमुळत्या खोबणीत शिरते, नट आवळला की मिटत जाते, आणि बिट टिकतं ते निव्वळ घर्षणावर. माझ्या राऊटरने पाडलेली खाच सुरुवातीला ६ मिलिमीटर खोल होती, शेवटाला ९. अर्धा दिवस मी खोलीच्या कड्याला दोष दिला. कॉलेटमध्ये जळक्या राळेचा थर होता आणि बिट हळूहळू बाहेर सरकत होतं!

हे गमतीचं नाही. मिनिटाला २२,००० फेरे धरले तर अर्ध्या इंची बिटची धार ताशी सुमारे ५३ किलोमीटरने फिरते, आणि धारेवरच्या एका ग्रॅमला जागेवर धरायला जवळजवळ साडेतीन किलो वजनाइतकी ओढ लागते. दोन इंची बिटला वेग ताशी २१० किलोमीटर, ओढ चौपट. वेग कमी करायची सोय नसलेल्या जुन्या राऊटरला असं बिट लावूच नका.

प्लग काढून कॉलेट पितळी ब्रशने साफ करा. बिटचा दांडा पूर्ण आत घाला आणि ३ मिलिमीटर मागे घ्या, कारण आवळताना कॉलेट त्याला आत ओढतं; तळाला टेकलेलं बिट नीट धरलं जात नाही. खोली ठरवताना शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा, म्हणजे आट्यांमधली ढिलाई फसवणार नाही. मग कडं घट्ट करून टाकाऊ फळीवर एक खाच पाडून मोजा. बिट बैठकीच्या अगदी मध्यावर असेलच असं नाही, म्हणून बैठकीच्या कडेला एक ठिपका काढा आणि पट्टीला लावून चालवताना तोच ठिपका पट्टीकडे ठेवा.