व्हॅन, शीड आणि अज्जीची सीट

बेळगावात व्हॅन म्हटली की कुणाच्याही डोळ्यांसमोर शाळेची मुले येतात. सकाळी टिळकवाडीत किंवा शहापुरात रस्त्याकडेला उभे राहावे, दप्तरांनी खच्चून भरलेल्या व्हॅन एकामागून एक जाताना दिसतील. उरलेल्या व्हॅन लग्नाच्या जेवणाची पातेली, भाजी, नाहीतर फुलांच्या पाट्या वाहतात. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या दारात व्हॅन उभी राहिली तेव्हा गल्लीत मला दोनच प्रश्न विचारले गेले. ‘सर, शाळेची मुलं सोडायला सुरुवात केली काय?’ आणि ‘केटरिंगचं काही बघताय काय?’ खरे उत्तर दिले की समोरचा जरा वेळ गप्प व्हायचा. ही गाडी आम्ही विंडसर्फिंगच्या सामानासाठी घेतली होती.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही, म्हणून दोन ओळी सांगतो. लांबट बोर्डवर एक डोलकाठी आणि शीड बसवलेले असते. बोर्डवर उभे राहून, शीड हातांनी तोलत वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून महिलांसाठी हा ऑलिंपिकमधला खेळ आहे. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आपल्या एबाद अलीने यात कांस्यपदक मिळवले.

माझी बहीण लग्न होऊन पणजीला गेली. तिच्याकडे मे महिन्याच्या सुटीत गेलेली माझी लेक हा खेळ शिकून आली आणि तिला त्याची चटक लागली. वर्षभर भाड्याच्या सामानावर निभावले. मग एका खेळाडूने वापरलेला बोर्ड विकायला काढला आणि तो आम्ही घेतला. बहिणीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथे तीन मीटरचा बोर्ड ठेवायचा कुठे? उघड्यावर ठेवावा तर ऊन आणि खारी हवा. तेव्हा सामान बेळगावात आमच्या मागच्या पडवीत ठेवायचे आणि महिन्यातून दोन शनिवार ते गोव्याला न्यायचे असे ठरले.

इथपर्यंत सगळे बापलेकीचे मनोराज्य होते. घरात प्रश्न विचारला तो सौभाग्यवतींनी. त्या धारवाडच्या, आणि महत्त्वाचे बोलणे कन्नडमध्येच करतात. ‘अव्वा यल्लि कुंद्रबेकरी?’ माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. गुडघे गेलेले, दर महिन्याला हुबळीला डॉक्टरांकडे न्यावे लागते. घरात दुसरी मोटार येणार नव्हती. म्हणजे एकाच गाडीत बोर्ड मावला पाहिजे आणि अज्जीही सुखाने बसली पाहिजे. या एका प्रश्नाने आमचे पुढचे सगळे निर्णय ठरवले.

आधी टेप, मग शोरूम

गाडी बघायला जाण्यापूर्वी आम्ही सामान अंगणात मांडले आणि मोजले. लेकीचा बोर्ड टेक्नो २९३ या जातीचा, शिकाऊ आणि किशोरवयीन खेळाडूंचा. नावाप्रमाणेच त्याची लांबी २.९३ मीटर, रुंदी ७९ सेंटिमीटर आणि वजन बारा किलोच्या आसपास. शीड ६.८ चौरस मीटरचे, पण गुंडाळले की दोनेक मीटर लांबीचा, चटईसारखा मऊ गुंडाळा होतो. डोलकाठीचे दोन तुकडे होतात, प्रत्येक दोन मीटरहून लांब. शीड धरायची आडवी दांडी, म्हणजे बूम. शिवाय पाण्याखालचा पर, जोडाचे सामान, लाइफ जॅकेट आणि ओले कपडे. एकूण वजन फार नाही. अडचण सगळी लांबीची.

ही मापे कागदावर घेऊन मी गाड्या बघितल्या. फोर्सची ट्रॅव्हलर आणि टाटाची विंगर या लांब गाड्या, पाच मीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या. त्यांत बोर्ड सहज आत जातो. पण आमच्या गल्लीत ती वळवणार कोण? शिवाय बाजारात मिळणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच पिवळ्या पाटीच्या, भाड्याने चालवलेल्या. त्या खासगी करून घ्यायच्या म्हणजे आरटीओचे काम आणि कराचा फरक आलाच. मारुतीची ओम्नी स्वस्तात मिळते, पण तिचे उत्पादन २०१९ मध्येच थांबले. नव्या सुरक्षा नियमांत ती बसणारी नव्हती आणि घाटात लेकीला घेऊन जायचे तर मला ती नको होती.

शेवटी मारुतीची पाच सीटची ईको ठरली. लांबी ३.६७५ मीटर, रुंदी १.४७५ मीटर. पुढच्या सीटवर माणूस बसवून २.९३ मीटरचा बोर्ड तिच्या पोटात सरळ मावत नाही. पण छतावर ठेवला तर तो गाडीच्या एकूण लांबीच्या आतच राहतो, पुढे-मागे डोकावत नाही. दोन्ही बाजूंना सरकणारी दारे असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढणे-उतरणे सोपे जाते. जुनी घेताना दोन गोष्टी आवर्जून बघितल्या. पहिली, गाडी जुलै २०१९ नंतरची असावी, कारण त्या सुमारास मोटारींना एबीएस आणि निदान चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. दुसरी, गाडी पेट्रोलची असावी. सीएनजीची टाकी मागच्या सामानाचीच जागा खाते.

जे उचकटायचे नाही ते

गाडी आल्यावर ओळखीच्या लोकांचा सल्ला असा की मागचे बाकडे काढून टाका, सगळे आत मावेल. हा मोह टाळावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, गाडीचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. सीट काढली की आरसी बुकातील आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नाही. उद्या अपघात झाला तर विम्यासाठी भांडत बसावे लागते. म्हणून आम्ही नियम केला की जे करायचे ते काढता-घालता येणारे. कॅरिअर बसवण्याआधीही आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घेतले.

उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम दिले. बेळगावचे हे एक बरे आहे. भागाचे नुसते चित्र काढून दिले तरी तो करून देणारा माणूस इथे भेटतो. मेस्त्रींनी छतासाठी दोन आडव्या दांड्यांचा कॅरिअर केला आणि दांड्यांवर जाड स्पंज गुंडाळून दिला. छतावर किती वजन चालते हे गाडीच्या पुस्तिकेत बघूनच काम सुरू केले. मी सुतळीची जाड दोरी घेऊन गेलो होतो. ती बघून मेस्त्री म्हणाले, ‘सर, हग्ग ब्याडरी, पट्टी हाकोणरी.’ त्यांचे बरोबर होते. दोरी बोर्डच्या कडेला काचते आणि ओली होऊन सैल पडते. रुंद विणीव पट्टा आणि साधे दाबाचे बकल उत्तम. ट्रकवाले वापरतात ते खटक्याचे बकल नको, त्याच्या ताणाने आत फेस भरलेला बोर्ड दबतो.

बोर्ड पालथा ठेवायचा, पर आधी काढून घ्यायचा. दोन पट्टे आडवे आणि पुढच्या टोकाला एक तिसरी दोरी. ही तिसरी दोरी लोक गाळतात. बोर्ड वजनाने हलका पण पसरट असतो, समोरून ट्रक झपकन गेला की त्याच्या खाली वारा शिरून तो वर उचलला जाऊ शकतो. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यात भणभणत नाही. डोलकाठीचे तुकडे आणि बूम एका पिशवीत घालून बोर्डच्या शेजारी. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पट्टे हाताने ओढून बघायचे. आम्ही जांबोटीला चहा घेतो तेव्हा लेक खाली उतरून हे काम करते.

कठीण बाहेर, मऊ आत

गाडीच्या आत काय ठेवायचे याचा एक हिशेब मी वर्गात मुलांनाही घालतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी टक्कर होऊन अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. पाच किलोची हत्याराची पेटी त्या क्षणी शंभर किलोची होते आणि पुढच्या माणसाच्या मानेकडे निघते. म्हणून आमच्या गाडीत लांब, कठीण वस्तू आत येतच नाहीत. पर, जोडाचे सामान आणि हत्यारे मागच्या बाकड्याच्या पाठीमागे एका लाकडी पेटीत असतात. पेटी जमिनीला आवळलेली आणि तिची उंची बाकड्याच्या पाठीपेक्षा कमी.

शीड मात्र आत, कारण ते मऊ आणि हलके. शहापुरातल्या एका ताडपत्री शिवणाऱ्याकडून लांब झोळी करून घेतली आणि ती उजव्या बाजूला छतालगत टांगली. कड्यांसाठी आधीपासूनच्या बोल्टच्या जागा वापरल्या, नवे भोक पाडले नाही. ज्यांच्या नव्या गाडीत छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग आहेत त्यांनी मात्र असे काही टांगू नये, त्या उघडताना मध्ये अडथळा येतो.

डावी बाजू अज्जीची. दारापाशी मेस्त्रींनी उचलून ठेवता येईल अशी खरखरीत पृष्ठभागाची पायरी करून दिली. सासूबाई पहिल्यांदा चढल्या, बसल्या, पाय पसरून बघितले आणि म्हणाल्या, ‘हुबळीला जायला चांगली आहे.’ मुलीच्या खेळासाठी एवढा पैसा कशाला, हा त्यांचा मुद्दा त्यांनी मागे घेतलेला नाही. पण दर महिन्याची हुबळीची फेरी आता कंबर न धरता होते हेही त्या सांगतात.

घाटाची एक गंमत

माझा विषय भूगोल, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. गोव्याच्या किनाऱ्याच्या मानाने इथे हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी. बोर्डच्या आतल्या फेसात हवा असते. किनाऱ्यावर बंद केलेला बोर्ड चोर्ला घाट चढून वर आला की आतली हवा फुगू पाहते, त्यात उन्हाने तो तापलेला असला तर अधिकच. वरचे कवच सुटण्याचा धोका असतो. म्हणून पुष्कळशा बोर्डांना एक छोटा स्क्रू दिलेला असतो. प्रवासात तो सैल ठेवायचा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी न विसरता घट्ट करायचा. उघडा राहिला तर बोर्ड आतून पाणी पितो. आम्ही स्क्रू सैल केला की त्याला लाल फीत बांधतो. फीत बांधलेला बोर्ड पाण्यात जायचा नाही.

दुसरा शत्रू मीठ. ओले सामान तसेच गाडीत टाकले तर वर्षभरात पत्रा गंजतो. मागच्या जमिनीवर आम्ही मरीन प्लायची फळी आणि तिच्यावर कडा उचललेली रबरी चटई घातली. मरीन प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघावा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. वीस लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन नेहमी बरोबर असतो. परतण्यापूर्वी सामान धुऊन, निथळवूनच गाडीत चढते. ओले कपडे झाकणाच्या बादलीत. घरी आल्यावर दारे उघडी टाकून गाडी रात्रभर वाळू द्यायची.

वेळापत्रकही वारा ठरवतो. किनाऱ्यावर दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात, तोवर शीड उभारून उपयोग नाही. म्हणजे पहाटे निघायचे, दहापर्यंत पोहोचायचे, दुपारभर पाण्यात आणि सूर्य कलला की आवरायचे. त्यानंतर कणकुंबीच्या जंगलातून रात्री परतणे मला मान्य नाही. रस्ता अरुंद, गवे आडवे येतात आणि दमलेला चालक. आम्ही बहिणीकडे मुक्काम करतो आणि रविवारी सकाळी घाट चढतो.

मागच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला आहे, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. पट्टे तीन, पर काढला, स्क्रू सैल, फीत, पाणी, आरसी, विमा, पीयूसी. निघताना सासूबाई पायरीवर उभ्या राहून कन्नड बाजू मोठ्याने वाचतात आणि नात एकेक वस्तू हात लावून दाखवते. आता ती दहावीला गेली आहे. एसएसएलसीच्या वर्षी महिन्याला एकच फेरी, आणि तीही चाचणी नसेल तेव्हा, असे तिघींनी मिळून ठरवले आहे. मला फक्त गाडी चालवायची आहे.